डावीकडचा ब्रेक

प्रिय बडबडे,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं धडधाकट आहोत आणि फोनही ठणठणीत आहे. पण आम्हा दोघांत तो एकच, आणि तुझे बाबा तो स्पीकरवर लावून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि बाळाचं रडणंसुद्धा गाणं ऐकावं तसं ऐकत बसतात. मग मी तुझ्याशी मनातलं बोलू कधी? शिवाय हल्ली त्यांचे कान भारी तिखट झालेत, स्वयंपाकघरात पुटपुटलेलंही बाहेर ऐकू जातं. म्हणून दुकानातून लिहितेय. दुपारचं औषधांच्या दुकानात फारसं कुणी फिरकत नाही. मालक जेवायला गेलेत आणि मी खोकल्याच्या औषधाच्या खोक्यावर कागद ठेवून बसलेय. गिऱ्हाईक आलं की कागद फळीखाली सरकवते, जशी काही चोरीच करतेय. तुमच्या गावी माल पोचवणारा गाडीवाला संध्याकाळी येईल, त्याच्या हाती हे देईन. अक्षराला हसू नकोस.

आधी गाडीचं सांगते, कारण तू गाडीचं विचारून विचारून माझा जीव खाल्लास. घेतली बाई एकदाची. म्हणजे ठरवली, शनिवारी ताब्यात मिळेल. लांबलचक, गडद निळी, आणि आत शिरलं की बाहेरचा आवाज कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा बंद. तूच त्यांच्या मागे लागली होतीस ना, की जन्मभर लोकांना शिकवण्यात खडखड्या गाडीत पाठ मोडून घेतलीत, आता एकदा तरी ऐटीत बसा म्हणून? तर बसले. शोरूममधल्या एकूण एक गाडीत बसले. फरशी अशी चकाचक की मला चप्पल काढावीशी वाटली, आणि कॉफी द्यायचे कप बाहुलीच्या भातुकलीतले. एका गाडीची सीट बसल्या बसल्या गरम व्हायला लागली, तर मी किंचाळून उठले. मला वाटलं काहीतरी पेटलं! सगळे हसले. दुसऱ्या सीटच्या आतून कुणीतरी पाठ चेपायला लागलं. बाबा डोळे मिटून मला म्हणाले, मॅडम, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही कधी एवढी पाठ चेपली नाहीत. मी म्हटलं, मग या सीटच्याच हातचं जेवा. असा सगळा हसतखेळत मामला होता. आणि तरी पोरी, मला त्या गाडीची भीती वाटतेय. गाडीची म्हणजे, ती चालवणाऱ्याची. रविवारी सकाळी ते एकटे घाट उतरून तुला आणि बाळाला आणायला निघणार आहेत, आणि तो विचार आला की हातातली बाटली खाली ठेवावी लागते.

तुला आपल्या घरातला रस्ता बोलायचा खेळ आठवतो ना? आठवणार नाही तर काय, तुझं बडबडी नाव त्यातूनच पडलं. बाबांच्या शाळेत गाडी शिकायला येणाऱ्याने समोर जे जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं, हा त्यांचा कायदा. डावीकडे सायकल, पुढे खड्डा, उजवीकडून म्हशीसारखा संथ ट्रक. जो बोलतो तो बघतो, आणि जो गप्प बसला त्याची नजर भटकली, असं ते म्हणायचे. स्वतः डावीकडच्या सीटवर पाय शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या त्या जादा ब्रेकवर ठेवून बसायचे आणि शिकणारा गप्प झाला की खाडकन दाबायचे. अर्धं शहर त्या ब्रेकचे धक्के खात शिकलंय. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालो तरी तू मागच्या सीटवर उभी राहून रस्ता बोलायचीस, दुकानांच्या पाट्यांसकट, आणि कुत्रं दिसलं तर त्याचा रंग, त्याचा स्वभाव, सगळं. मीही शिकायला गेले होते, तुझ्या जन्माआधी. एवढे धक्के दिले त्यांनी, की मी गाडी रस्त्याच्या मधोमध सोडून घरी चालत आले आणि परत चाकाला हात लावला नाही. सगळ्या शहराला शिकवणाऱ्याची बायको तेवढी अडाणी राहिली. आतापर्यंत मला त्याचं हसू यायचं.

शाळा बंद केल्यावर तो खेळही थांबला होता. मध्यंतरी बाजारातून येताना एकदम म्हणाले, अगं बोल ना रस्ता, पूर्वीसारखा, करमत नाही. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू! या वयात नवऱ्याला आपली बडबड हवीशी वाटते, आणखी काय पाहिजे? मी सुरू झाले. डावीकडे रिकामी हातगाडी, पुढे शाळेची मुलं, उजवीकडे स्कूटर. मी बोलायचे आणि ते हं हं म्हणत चालवायचे. मग ते रोजचंच झालं. एखाद्या दिवशी मी रुसून गप्प बसले तर गाडी गोगलगायीसारखी चालायची आणि ते दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून बसायचे. डावा आरसा एकदा फुटला, मग पुन्हा फुटला. कुणीतरी घासून गेलं, लोकांना अक्कल नाही, म्हणाले. मीही त्या न दिसलेल्या माणसाला शिव्या घातल्या. घरात दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, माझ्या हातातला चहाचा कप त्यांच्या कोपराने उडायला लागला. धांदरट झालात, म्हणायचे मी. दिवसभर डोळ्यांची औषधं विकणारी बाई, पण घरात मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

दिसलं ते त्या टेस्ट ड्राइव्हला. गाडी दाखवणारी मुलगी त्यांचीच शिष्या निघाली. सर, तुमच्या ब्रेकने माझं डोकं काचेवर आपटलं होतं, अजून आठवतंय, म्हणत वाकून हसली आणि चावी त्यांच्या हातात दिली. त्यांना कोण काय विचारणार? ती पुढे बसली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गाडीत मागे. ती पोरगी बटणं समजावत होती. ही गाडी म्हणे सगळीकडे बघते, बाजूला कुणी आलं तर आरशात दिवा लागतो, टुं टुं वाजतं, फारच जवळ आलं तर स्वतःहून थांबते. बाबा एकेक गोष्ट दोनदोनदा विचारत होते. मला वाटलं, मास्तर माणूस, चौकस आहे. मग चौकात वळण घेताना डावीकडून एक बाई निघाली, बाबागाडी ढकलत. घाईत नव्हती, धावत नव्हती, हिरवा दिवा बघून सरळ निघालेली. मला मागून स्पष्ट दिसली. त्यांनाही दिसलीच असणार म्हणून मी गप्प बसले. पुढे ती पोरगी बोलतेय, आपण मध्ये कशाला तोंड घाला! आणि गाडीचा वेग कमी होईना. बाई वाढत वाढत काचेएवढी झाली. माझी वाचाच बसली गं. आणि गाडी आपोआप जागच्या जागी गच्चकन थांबली.

पुढचं ऐक. ती पोरगी टाळ्या वाजवायला लागली. बघितलंत सर, किती सुरक्षित आहे! सरांनी मुद्दामच करून दाखवलं ना? आणि तुझे बाबा हसले. कपाळावर घाम होता, पण हसले, आणि म्हणाले, हीच घ्यायची. बाहेर ती बाई बाबागाडीच्या दांड्याला धरून तशीच उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक. आतून कुणी तिची माफीसुद्धा मागितली नाही. मी मागे बसून पायाने फरशी दाबत होते, जिथे ब्रेक असायला हवा होता तिथे. शोरूममध्ये परत आल्यावर आम्हाला पेढ्यासारखा छोटासा केक दिला, फोटो काढला. त्या फोटोत मी दात काढून हसतेय, तू बघितलासच आणि लिहिलंस की आई किती खूश दिसतेय. खूश कसली! मला तर अजून ती बाबागाडीच दिसत होती.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि सरळ विचारलं, ती बाई तुम्हाला दिसली होती का? आधी चिडले, मग टीव्ही लावला, मग बंद केला. मग म्हणाले, नाही. काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्या अपरोक्ष जाऊन आलेत, थेंब दुसऱ्या दुकानातून आणतात, मला कळू नये म्हणून. तेच थेंब मी इथे रोज लोकांना देते आणि वेळ चुकवू नका म्हणून बजावते! बाजूचं दिसणं गेलंय, डावीकडचं तर जवळजवळ सगळंच, आणि गेलेलं परत येत नाही हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टरने गाडी बंद करा म्हणून सांगितलंय. तर म्हणतात कसे, समोरचं लख्ख दिसतं गं मला, आणि रस्ता समोरच असतो ना? मला रडूही येईना आणि रागही धड येईना. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना कडेला बघ, कडेला बघ म्हणून ओरडून शिकवलं, तो हे बोलत होता. मग माझा हात धरून म्हणाले, इतके दिवस तुझ्या डोळ्यांनी चालवली, आता ही गाडी बोलते, तुला त्रास नाही. तू रविवारी घरीच थांब. मागे बाळाची खुर्ची लागेल, पुढे पोरीचं सामान, तू कुठे अवघडून बसतेस? आणि बाळाची शपथ घातली, की पोरी, तुला यातलं अक्षरही सांगायचं नाही.

तेव्हापासून माझी झोप उडालीय. सगळे उपाय करून बघितले. चावी लपवीन म्हटलं, तर नव्या गाडीची चावी अजून घरात आलेली नाही. शोरूमच्या मुलीला सांगीन म्हणून फोन उचलला, पण तिच्यासमोर त्यांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही. तो भित्रेपणा असेल तर आहे, मी भित्री आहे. मी बोलायला गेले की एकच उत्तर, तू घाबरट आहेस, पहिल्यापासून. घाबरट तर घाबरट! मला ती गाडी सारखी दिसते. घाटातलं वळण, डावीकडे दरी, तू मागे बाळाला दूध पाजतेयस, आणि ते सरळ समोर बघताहेत. गाडी वाजेल, थांबेल, मान्य आहे. पण दरीला दिवा लागतो का, हे मी त्या मुलीला विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

म्हणून आता नीट ऐक. ज्या बाळाची शपथ घातली, त्याच बाळासाठी मी ती मोडतेय. रविवारची वाट बघू नकोस. शुक्रवारीच आगगाडीने निघ, जावईबापूंना आणि बाळाला घेऊन, आणि येतेयस हे आधी कळवू नकोस. शनिवारी आमच्याबरोबर शोरूममध्ये चल. ती मुलगी चावी पुढे करील तेव्हा त्यांच्याआधी तुझा हात पुढे कर. लहानपणी खाऊला करायचीस तसा, लाजू नकोस. म्हण, बाबा, नवी गाडी पहिल्यांदा मी चालवणार, तुम्ही शिकवलंय ते बघा तरी. तुला ते नाही म्हणणार नाहीत, आजवर म्हटलेले नाहीत. ते डावीकडे बसतील, जिथे त्यांचा सगळा जन्म गेला. मी मागे बाळाजवळ बसेन. त्यांचं गुपित तुला माहीत आहे हे चेहऱ्यावर आणू नकोस, डोळ्यांत पाणी तर मुळीच नको. फक्त गाडी चालू केलीस की रस्ता बोलायला लाग, मोठ्याने, पहिल्यासारखा, कुत्र्याच्या रंगासकट. डावीकडचं जरा जास्त सांग. माझी खात्री आहे, तू गप्प झालीस की त्यांचा पाय आपोआप तो नसलेला ब्रेक दाबेल. दाबू दे. आणि घरी पोचल्यावर ती चावी परत देऊ नकोस, बाळे. ते मागतील, तरी देऊ नकोस.

तुझीच,
मागच्या सीटवर अजून पायाने फरशी दाबत बसलेली,
आई