सँपल हॉल

१ सप्टेंबर, सकाळी ६.४०
नवं आयुष्य सुरू. एकोणीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या फायली लावण्यात गेली. माझ्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. शेवटी मीच मोबाइलवर करिअर चाचणी दिली. बावीस प्रश्न. निकाल : तुम्हाला दृष्टी आहे, गृहसजावटीकडे वळा. खाली दुसरा पर्याय मधमाशीपालन असा होता. मला शुगर आहे, तेव्हा तो बाद.
तीन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर. साहेब म्हणाले, एक डिसेंबरला आलात तर खुर्ची तुमची, दोनला आलात तर दुसऱ्याची. मी नुसता हसलो. बायको हसली नाही. म्हणाली, नोव्हेंबर संपेपर्यंत एक गिऱ्हाईक मिळालं तर तुमचं खरं, नाहीतर गुमान ऑफिसात जायचं. मी पाच धरून चाललोय.

६ सप्टेंबर
गृहसजावटीचा ऑनलाइन कोर्स पूर्ण. बारा धडे होते. पहिला, दुसरा आणि बारावा केला. मधले ज्यांना दृष्टी नाही त्यांच्यासाठी असावेत. प्रमाणपत्र बाराव्यात मिळतं.
व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, पाचशे. धंद्याचं नाव ‘मोकळीक’. खाली ओळ : जागेला श्वास घेऊ द्या.

१० सप्टेंबर
आंघोळ करताना मोठी कल्पना. आपलाच हॉल नमुना म्हणून सजवायचा. सँपल हॉल. क्लायंट (गिऱ्हाईक म्हणणं सोडणे) आत आला की अवाक्. अट एकच : वापरल्याची खूण दिसता कामा नये. म्हणजे घरच्यांनी हॉल वापरायचा नाही.
बाबांची आरामखुर्ची, बायकोचं शिलाई मशीन आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल स्वयंपाकघरात हलवलं. बाबा म्हणाले, जागा घेईल रे श्वास, मी कुठे घेऊ? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला बदल मानवत नाही. खिडकीपाशी बसवलं.

१७ सप्टेंबर
रंगाऱ्याशी वाद. मी ‘पहाटेच्या धुक्याचा पांढरा’ सांगितला होता. त्याने लावला तो पांढरा. म्हणाला, साहेब, डब्यावर नाव काही असो, भिंतीवर हाच येतो. दुसऱ्या हातानंतर मला धुकं दिसू लागलं. त्याला शेवटपर्यंत दिसलं नाही.
जाताना स्वयंपाकघरात चहाला बसला तो पाऊण तास उठेना. आत काय चाललं होतं कोण जाणे, लेक खिदळत होती.

३ ऑक्टोबर
हॉल तयार. एक सोफा, एक दिवा, एक उंच काचेची फुलदाणी, तिच्यात एक काटकी. बास. धडा दुसरा : जितकं काढाल तितकं दिसेल. मेव्हणा येऊन पाहून गेला. विचारत होता, सामान कधी येणार?
नियम लिहून दारावर लावले. सोफ्यावर बसू नये. उशांना हात लावू नये. मागे जायचं असल्यास भिंतीच्या कडेने जावे. बायकोने सगळं नीट वाचलं आणि म्हणाली, दिव्याकडे बघितलेलं चालेल ना? व्यावसायिक शिस्त तिला अजून कळत नाही. शिकेल. तिच्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायका आता मागच्या दाराने येतात. तळमजल्याचा हा फायदा.

१४ ऑक्टोबर
वाटलेली कार्डं : दोनशे दहा. पैकी साठ आपल्याच जिन्याखाली सापडली. वारा असणार.
क्लायंट : अद्याप नाही.
संकल्प : रोज दोन तास हॉलमध्ये चिंतन. अर्थात उभ्याने.

२५ ऑक्टोबर
स्वयंपाकघर हाताबाहेर चाललंय. बायकोने जुना पडदा फाडून बाबांच्या खुर्चीला खोळ शिवली. उरलेल्या कापडाची गादी करून लोखंडी ट्रंकेवर टाकली. त्यावर आता तीन-तीन बायका बसतात. भिंतीवर खुंट्या ठोकल्यात : बाबांच्या चष्म्याला एक, कात्रीला एक, लेकीच्या दप्तराला एक. बसल्या जागी हात लांब केला की वस्तू मिळते. संकल्पना म्हणून शून्य.
मुद्दाम आत जाऊन दोन तास उणिवा पाहिल्या. बाबांच्या खुर्चीचा तोल तपासताना डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं आणि बाबा ट्रंकेवर बसून मटार सोलत होते. उणिवा लिहून ठेवायच्या राहिल्या.

९ नोव्हेंबर
पहिला फोन. माणसाने कार्ड मन लावून वाचलेलं दिसलं. विचारलं, तुम्ही लोकांना घरातलं सामान काढायला लावता ना? मी म्हटलं, तोच माझा विचार. तो म्हणाला, मग काढलेलं आमच्याकडे पाठवा, भंगाराचं दुकान आहे, दोघांचाही फायदा.
नम्रपणे नकार दिला. नंबर मात्र ठेवलाय.

१९ नोव्हेंबर
बायको म्हणाली, अकरा दिवस राहिले. टोमणा नव्हता, नुसतंच म्हणाली. टोमणा परवडला असता. माझे ऑफिसचे दोन शर्ट इस्त्री करून कपाटात टांगलेले दिसले. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, असू देत, इस्त्री काही नासत नाही.
कपाटाचं दार जरा जोरात लागलं. बिजागरी सैल झाली असेल.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
विजय. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई उद्या अकराला येणार. दाढ दाखवायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या टेबलावर कार्ड ठेवून आलो होतो. त्यांना दवाखान्याची बाहेरची खोली करून घ्यायचीय. म्हणाल्या, पेशंट आधीच घाबरलेला असतो, तिथे पाच मिनिटं बसला की घरी पळतो.
साहेबांना द्यायच्या राजीनाम्याचा मसुदा तयार केला. भाषा भारदस्त, पण क्षमाशील.

२८ नोव्हेंबर, दुपारी १.३०
थंड डोक्याने लिहितोय. बाई बरोबर अकराला आल्या आणि हॉलच्या दारातच थबकल्या. हा अपेक्षित परिणाम. मग विचारलं, बसू कुठे? मी सोफ्याकडे हात केला, पण त्यांनी दारावरचे नियम वाचले होते. म्हणाल्या, नको, मी आपली पाणी पिऊन येते. आणि आत गेल्या.
मी धुक्यावरचं भाषण जुळवत उभा राहिलो. वीस मिनिटं. चाळीस मिनिटं. शेवटी जाऊन पाहिलं. बाई चपला काढून ट्रंकेवर मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात मटारची परात. बाबा त्यांना कवळीची कहाणी सांगत होते आणि त्या सोलता सोलता लेकीला गणित समजावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, मला हे हवंय.
मी विचारलं, हे म्हणजे नक्की काय?
म्हणाल्या, हेच. आल्या आल्या माणूस सैल झाला पाहिजे. कुणी केलंय?
बाबांनी हातातली शेंग बायकोकडे केली. बायको म्हणाली, अहो, केलंय कुठलं, जागा नव्हती म्हणून झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शांतपणे पाहता हे यश माझंच. मी हॉल बंद केला नसता तर स्वयंपाकघर असं झालंच नसतं. बाईंना हे समजावून सांगायला फोन केला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, आता जरा मिसेसना द्या.

३० नोव्हेंबर
बायकोला अटीची आठवण करून दिली. एक क्लायंट मिळाला. ती म्हणाली, मिळाला की, मला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, तुमची कार्डं मी वापरीन, फुकट नको जायला. फक्त ती श्वासाची ओळ खोडते.
बाबांना म्हटलं, खुर्ची परत हॉलमध्ये नेतो. म्हणाले, राहू दे, मला इथं करमतं. तूच ये आत, एकटा काय उभा राहतोस तिकडे.
राजीनामा अर्थातच लांबणीवर. वेळ चुकीची आहे, निर्णय नव्हे.

१ डिसेंबर, संध्याकाळी ७
ऑफिसात दहा मिनिटं आधीच पोचलो. साहेब म्हणाले, बरं झालं आलात. फायलींचं नवं कपाट आलंय. तुम्ही आता त्यातले, सांगा कुठे ठेवायचं ते.
उजेड, येण्याजाण्याची वाट, नजरेचा टप्पा, सगळं धरून तीन पर्याय काढले. प्रत्येकाचा वेगळा नकाशा, रंगीत पेन्सिलीने. जेवणाच्या सुट्टीतही उठलो नाही. तीनच्या सुमाराला नकाशे घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघालो, तर शिपायाने कपाट ठेवून फायली लावायलाही घेतल्या होत्या.
चौथाच कोपरा. चांगलं दिसत होतं.