अठ्ठावन्न किलो, सत्तर पावलं

४ नोव्हेंबर, शनिवार

पोचले एकदाची विलायतेत! विमानात शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं टाकून नऊ तास झोप काढली, तरी राग आला नाही. कारण इथे दिया होती. माझी नात, अडीच महिन्यांची. मांडीवर घेतली आणि म्हटलं, सव्वापाच किलो. आसावरीने नर्सबाई बाळाचं वजन लिहिते ते लाल पुस्तक काढून बघितलं, तर पाच किलो दोनशे ऐंशी! शाळा चौथीपर्यंत, पण मिरजेला तीस वर्षं भंगाराच्या दुकानात काट्यावर बसलेय मी. वजनात मला कोणी फसवलं नाही.

आसावरी, आमची आसा, म्हणजे माझी लेक, डॉक्टर आहे, सध्या रजेवर. जावई वरदराव कॉम्प्युटरवाले, गाडीने मिल्टन कीन्सला जातात. घर मात्र लांब गावात, मागे रान. बिल नावाचा म्हातारा राहायचा, तो वारला, म्हणून भाड्याने मिळालं. वही आसानेच दिली. म्हणाली, आई, तुझी बडबड यात लिही, माझे कान सुटतील. आगाऊ कार्टी.

१२ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. डिंकाचे लाडू केले. आसा एकच खाते, म्हणे वजन उतरवायचंय. बाळंतीण आणि डाएट! न्हाणीघरात एक काचेचा काटा आहे, त्यावर उभं राहिलं की आकडा फोनवर जातो. आपण कोण ते तो वजनावरूनच ओळखतो. आसा साठ किलो चारशे. मी पंचावन्न, मला त्याने पाहुणी म्हटलं.

वरदरावांना इथे हरणं मारायचा नाद लागलाय. परवाना आहे, पोलीस येऊन बंदुकांचं कपाट बघून गेला. आम्ही मटण खाणारी माणसं, माझी हरकत नाही. पण आज त्यांनी शेडमध्ये नेऊन बिलची पाटी दाखवली. सागवानासारखी जड फळी, तीन रांगा भोकं. प्रत्येक भोकात हरणाच्या पोटातून काढलेली एक गोळी, खाली पितळी पट्टी. पट्टीवर हरणाचं वजन आणि किती पावलांवरून मारलं ते. तीन रांगा तीन जातींच्या गोळ्यांच्या: साडेसहावाली, दोनशे सत्तरवाली, तीनशे आठवाली. कुठली गोळी आत गेल्यावर काय करते, याचा म्हाताऱ्याने आयुष्यभर हिशोब ठेवला.

खरं सांगते, मला मजा वाटली. वर तांबं, आत शिसं, हे तर माझंच दुकान! वरदरावांच्या छोट्या काट्यावर तोलून बघितल्या. दोनशे सत्तरवाली जाताना साडेआठ ग्रॅमची, फार जोरात जाते, जवळून मारली की आत फुटते, हाती येते निम्मी. तीनशे आठवाली जाड, जरा सावकाश, फुलासारखी उमलते आणि पाऊण वजन राखते. साडेसहावाली लांबुडकी, खोल जाते, त्यातली नुसत्या तांब्याची तर जवळजवळ जशीच्या तशी. वरदराव म्हणाले, आई, तुम्हाला दहा मिनिटांत कळलं, मला वर्ष लागलं.

तीन रांगांच्या टोकांना मिळून चार भोकं रिकामी होती. पट्ट्या मात्र आधीच ठोकलेल्या. १४. २४. ४६. आणि ५८.

२२ नोव्हेंबर, बुधवार

वरदरावांनी गेल्या आठवड्यात एक बुटकं हरीण आणलं. चौदा किलो. काल दुसरं, चोवीस. पट्टीवर जितकी पावलं लिहिलेली, तितक्यावरूनच. मी म्हटलं, मापून मारलंत का? हसले. म्हणाले, योगायोग. तीस वर्षांत दोन गोणी सारख्या वजनाच्या आल्या नाहीत माझ्या काट्यावर, आणि ह्यांना रानातून नेमक्या वजनाचं जनावर मिळतं?

३ डिसेंबर, रविवार

शेहेचाळीस. ग्रॅमचा फरक नाही. तिसरं हरीण, तिसरं भोक भरलं.

आज भांडले. ती पाटी फेका म्हटलं, घरात तान्हं बाळ आहे. आसा म्हणाली, आई, तुला उजेड कमी पडतोय, त्याने मन चिडचिडं होतं, गोळी देऊ का? गोळी! ह्या घरात कोणी गोळीचं नाव काढू नका म्हटलं. आईला वेडी ठरवते.

९ डिसेंबर, शनिवार

शेजारची मार्गारेट चहाला आली. आसा मधे बसून तिचं बोलणं मला मराठीत सांगत होती. बिलची बायको जीन मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना गेली. बंदूक साफ करताना चुकून उडाली, असं बिल म्हणाला, सगळ्यांनी मानलं. जीन आणि मार्गारेट दोघी बारीक व्हायच्या क्लबात जायच्या. त्याच आठवड्यात जीन दहा स्टोनवर आली म्हणून केक कापला होता, म्हणे.

मी विचारलं, एक स्टोन म्हणजे किती? आसा म्हणाली, सहा किलो साडेतीनशे.

उठून शेडमध्ये गेले. तीनशे आठच्या रांगेत शेवटची भरलेली पट्टी: साडेत्रेसष्ट. सत्तर पावलं. सगळ्या पाटीवर तेवढी एकच गोळी घासून पुसून लखलखीत.

तिच्याशेजारी रिकामं भोक. अठ्ठावन्न. सत्तर पावलं.

घराच्या मागच्या दारापासून दोरीपर्यंत चालले. सत्तर. दोनदा मोजलं.

आसा आज एकोणसाठ दोनशे.

१४ डिसेंबर, गुरुवार

पट्टी उचकटली, कचऱ्याच्या डब्यात टाकली. खाली लाकडात तोच आकडा जळलेला. फळी शेगडीत घातली. शेगडी विझली. संतापाने अक्षर बघा कसं येतंय.

आसाला घास भरवते, ती ओरडते. दूध पाजून पाजून खंगलीय, कोण सांगणार? एकोणसाठला शंभर कमी. बंदुकांच्या कपाटाची किल्ली पिठाच्या डब्यात दडवली. संध्याकाळी वरदरावांच्या कमरेला होती. त्यांचे हात कोरडे. पीठ नाही.

काट्याचे सेल काढले. त्यांनी नवे घातले. पूर्वी दियाला खेळवताना गाणं म्हणायचे. आता पावलं मोजतात. घरात. जिन्यावर. तोंडातल्या तोंडात.

१७ डिसेंबर, रविवार

५८.४. वरदरावांचा फोन टुंग करतो, ते बघतात, ठेवून देतात. आठवडाभर रानात गेले नाहीत. कशाला जातील?

चला मिरजेला, म्हटलं आसाला, मी पाया पडते. रडली. वरदचं डोकं जरा थकलंय म्हणाली, नाताळनंतर बघू. नाताळ! अगं दोनशे-दोनशे ग्रॅमने मरतेयस तू —

तो बिल मेला म्हणून सुटला. जिवंत असता तर ह्याच हातांनी —

१८ डिसेंबर

५८.२.

काट्याला माणूस कळत नाही. वजन कळतं. पाटीलाही तेवढंच कळतं. हे आधी का नाही सुचलं मला, तीस वर्षं भंगारवाली ना मी?

पोत्याच्या तळाला ओली वाळू. डब्यात दगड. काट्याला फसवणारे सगळे पकडले मी. उद्या मीच —

१९ डिसेंबर

आसा, दिया मार्गारेटकडे. मीच धाडल्या, लाडवांचा डबा देऊन. जाताना म्हणाली, आई, तू राग सोड. सोडते म्हटलं. खोटं.

आसाचा लाल कोट घातलाय. खिशांत शेडमधल्या बिलच्या बरण्यांतल्या जुन्या गोळ्या. आधी कोटासकट तीन किलो. जास्त. आठ काढल्या. एक परत घातली.

५८.०

वरच्या खोलीत टुंग. नाव आसाचं आलं असणार.

अंगण. वही हातात, लिहीत चाललेय. मोजतेय. तीस. खिसे ओढतायत. भोक एकच उरलंय, मी नीट बघितलंय, पुढे पट्टी नाही. भर म्हणावं. एकदाची भर आणि माझ्या लेकीचं नाव घेऊ नको —

साठ. वरची खिडकी उघडली. वरदरावांचा चेहरा नाही. नुसती नळी.

वारा नाही. दोरी हलतेय.

एकोणसत्तर. पाठ करणार नाही मी. वळून उभी राहते, बघू दे माझ्याकडे, मग एक पाऊल मागे —