पप्पांचा काळा-सोनेरी ग्लास

२ फेब्रुवारी
इंद्रजीत येतोय. सख्खा धाकटा भाऊ, पण पप्पा गेल्यापासून दौंडला एक रात्र राहिलेला नाही. जेवतो आणि संध्याकाळच्या डेमू गाडीने पुण्याला पळतो. या वेळी राहील. अठराला पप्पांच्या जन्माची शंभरी आहे. त्याच्या हातात मी पप्पांचं ड्रिंक देणार. गार्डाचा कोट उतरवून रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पप्पा तेच घेत. खाली काळा थर, वर सोनेरी. स्टाउट म्हणजे काळी बिअर, एल म्हणजे सोनेरी. गळ्यात तुळशीची माळ होती, पण पप्पा मॉडर्न होते.

४ फेब्रुवारी
बिअर शॉपी. स्कार्फ, गॉगल. गल्ल्यावर माझा जुना विद्यार्थी शंभू. "टीचर, तुम्ही व्हय!" भावासाठी हवी, म्हटलं. "समदे असंच म्हणत्यात." काळी बिअर नव्हती.

७ फेब्रुवारी
लेकीने, तेजश्रीने, पुण्याहून स्टाउट आणली, एल तीन प्रकारच्या. म्हणाली, "आई, काळी वर तरंगते. शेवटी चमच्याच्या पाठीवरून हळूच सोड." या पिढीला फिजिक्स नाही. काळं जड असतं, खालीच बसणार. शिवाय मी डोळ्यांनी पाहिलंय.

८ फेब्रुवारी
स्टाउट खाली, एल वर. ग्लासात भीमेचं पुराचं पाणी. दोष एलचा, फार कडू. वाया जाऊ नये म्हणून संपवली. मी पीत नाही. हे टेस्टिंग.

११ फेब्रुवारी
दुसरी एल, संत्र्याच्या वासाची. पुन्हा गढूळ. स्टाउटच हलकी निघाली! जड व्हावी म्हणून तिच्यात घरातला सगळा गूळ घातला. फेस कॅलेंडरपर्यंत. साखरबाई भांड्यांना आली. "बाई, मोरी तुंबली का? कसला वास हाय ह्यो?" फिनेल, म्हटलं. "ग्लासात?"

१३ फेब्रुवारी
डोकं जड. हवा बदलतेय. टेस्टिंग बंद, कायमचं.

१४ फेब्रुवारी
तिसऱ्या एलवर अन्याय नको.

१८ फेब्रुवारी
इंद्रजीत आला. घाईत माझ्याकडून आधी एल ओतली गेली. मग स्टाउट. आणि थर पडले! सुरेख. फक्त उलटे.

"पप्पांचं ड्रिंक," म्हणून पुढे केलं. तो डोळ्यांत पाणी येईतो हसला. "ताई, अगं पप्पा माळकरी! खाली काकवी असायची, खुटबावच्या गुऱ्हाळातली. वर लिंबू-सोडा. दोस्तांनी आग्रह करू नये म्हणून सोंग." मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "मलाही घोटभर द्यायचे. काकवी आहे का गं घरात? असली तर राहतो."

नव्हती. गूळसुद्धा नव्हता.

डेमू नेमकी आजच वेळेवर आली.

रात्री
एक स्टाउट उरलीय. लिंबू-सोडा घालून बघते. फक्त थरासाठी.