भुईचा वाटा

३ नोव्हेंबर
काटोलहून सकाळच्या एसटीनं नागपूरले आली. नोकरी लागली बाप्पा! बाबांनी अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटले. कंपनी बॅटरीसाठी लिथियम शोधते. माझं काम उमरेड रोडवरच्या गोदामात: जमिनीत भोक पाडून काढलेले बांबूसारखे लांब गोल दगड खोक्यांत रचायचे, तपासायचे. गोदामाचे मोठे साहेब ओमप्रकाश, त्यांले आमच्या मळ्यातली संत्री दिली, लय खूश झाले. सोबत रितिका आहे, माझ्याच कॉलेजची, एक वर्ष पुढची. खोलीही दोघींची एकच. आज तर्रीपोहे तिनंच खाऊ घातले. मजा येणार.

१० नोव्हेंबर
कंपनीनं जिथं भोकं पाडली, त्या टेकडीवरच्या गावात सभा झाली. गाव म्हणे, खोदा, पण आमचा हिस्सा अन् आमचं पाणी आधी ठरवा. आणि भोकातला पहिला दगड परत भुईत ठेवा. पुष्पलताबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिनं बजावलं, तो दगड म्हणजे भुईचा वाटा, तो दाबला तर भुई दाबणाऱ्याकडूनच वसूल करते. रितिकानं कंपनीकडून सगळं कबूल केलं. टाळ्याच टाळ्या! आठवडाभर जागून गावच्या पाण्याचा सगळा अभ्यास मी केला होता. माझं नावही नाही घेतलं कोणी. जिवाची नुसती आग झाली.

१४ नोव्हेंबर
साहेब रितिकाले वरच्या जागेवर घेऊन राहिले. मले काहून नाही? मी काय इथं गोट्या खेळून राहिली? उद्या ती गावात पहिला दगड ठेवणार होती. मी तो खोक्यातून काढला, ओढणीत गुंडाळून माझ्या आलमारीत टाकला. आता दाखव म्हणा गावाले तोंड!

१५ नोव्हेंबर
रितिका गावासमोर रिकाम्या हातानं उभी राहिली. साहेब भडकले. ती रडली, मी तिले पाणी दिलं. खोटं काहून लिहू, गोड वाटलं. सकाळपासून डाव्या हाताची बोटं मात्र गार पडली आहेत.

१८ नोव्हेंबर
हात मनगटापर्यंत गार. धंतोलीत डॉक्टरनं सुई टोचली, ती वाकली. तो दुसरी आणायले गेला, मी पळून आली.
आलमारी उघडली. दगड कोमट लागला. मऊ. त्याच्यावर तीळ — माझ्या मनगटावरचा. मनगटावर आता काहीच नाही.

२० नोव्हेंबर
दगडाले नाडी लागते. माझ्या हातात नाही — परत ठेवू कशी? भुईत गेला तर मीच —
रितिकाले सांगू? ती माफ करेल. तेच तर नको मले. माफ करून अजून मोठी होईल —

२२ नोव्हेंबर
आलमारी उघडी. दगड नाही.
रितिकाचा फोन आला. म्हणे, घालायले तुझी ओढणी शोधता शोधता दगड सापडला. कोणाले सांगत नाही वं, तू घाबरू नको. मी गावातच आहे, आता ठेवूनच देते. नको नको म्हणून ओरडायले गेली मी. आवाजच फुटला नाही.

उजवा हात तेवढा चालून राहिला —
भर दुपार, खिडकीत ऊन, आणि मले अंधार — खाली, अजून खाली —
तोंडात माती
वर टाळ्या वाजून राहिल्या. पुन्हा तिलेच —