ताट आता तुझं तूच वाढ

प्रिय भोपळे,

आधी काहीतरी खा आणि मग हे पत्र वाच. रिकाम्या पोटी वाचलंस तर रडत बसशील, आणि तुला रडायला वेळ नाही. खाल्लंस? बरं. तर पहिली बातमी अशी की तुझा बाप तुला परत न्यायला येणार होता ना, तो येत नाही. दाराला आतून सायकल टेकवून झोपायची आता गरज नाही. दुसरी बातमी अशी की कारखान्याच्या कॅन्टीनमधून मी दर महिन्याला पाठवते तो खाण्याचा खोका यापुढे बरेच दिवस येणार नाही. का, ते सांगते, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. मधली पानं टाकून शेवट वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. तसं केलंस तर तिथे येऊन कान उपटीन.

तुझा सायकलचा क्लब तुला जे पैसे देतो त्यातून खोलीचं भाडं जाऊन काय उरतं, ते मला तू न सांगताही कळतं. त्यात नीट खाता येतं. चकचकीत डब्यातल्या पावडरी विकणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, मेले लुटारू आहेत. अंडी घे, दूध घे, कडधान्यं घे. कडधान्यं सकाळी भिजत टाकून जायचं, परत येशील तोवर टरारून फुगतात. भाजी बाजार उठायच्या वेळेला आणायची. दबलेले टोमॅटो, काळे ठिपके पडलेली केळी, वाकडी गाजरं, कोणी हात लावत नाही ते सगळं उचल. पोटात गेल्यावर वाकडं काय नि सरळ काय! तांदूळ आणि बटाटे खोलीतल्या तिघींनी मिळून पोत्यानं घ्या. आणि त्या लांबडीला स्वयंपाकाला लावा, नुसती आरशासमोर उभी असते असं तूच लिहिलं होतंस.

आता किती खायचं ते. तुझी मूठ हेच तुझं माप. ज्या दिवशी चढावर जायचं त्या दिवशी भात दोन मुठी, फारच दमछाक झाली तर आणखी एक. सुट्टीच्या दिवशी एक मूठ पुरे, बाकी अर्धं ताट भाजीचं. अंडी नाहीतर कडधान्यं रोज, चुकवायची नाहीत. सायकलवर असताना खिशात उकडलेले बटाटे ठेवायचे, मीठ लावून. भूक लागायची वाट बघायची नाही, आधीच एकेक तोंडात टाकायचा. आणि पातेल्यातून उभ्याउभ्या खायचं नाही. बसून, ताटात वाढून घेऊन खायचं. कमी खावं म्हणून सांगत नाही गं. आपण काय खाल्लं ते आपल्या डोळ्यांना दिसावं म्हणून सांगते.

मला हे कोणी शिकवलं विचारशील, तर वाढायचा डाव हातात धरून धरून शिकले. कॅन्टीनच्या रांगेत पुढच्याच्या ताटात बटाट्याची एक फोड जास्त पडली तर मागचा कसा बघतो, ते तुला सांगून कळायचं नाही. तू गेल्यानंतरची गोष्ट. जाड्या वेल्डरनं त्याच्या मदतनिसाच्या तोंडावर अख्खं ताट हाणलं, एका फोडीवरून. नाक फुटलं, रक्ताची धार सरळ आमटीच्या पातेल्यात. मदतनीस उठला तो बाक उचलूनच. मी मधे पडले आणि दोघांच्या बोटांवर डाव असा घातला की दोघंही फुंकर मारत बसले. ती आमटी ओतून द्यावी लागली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. साहेबानं विचारलं कोणाची चूक, मी म्हटलं भुकेल्या माणसांना कमी वाढायला लावणाऱ्याची. तो पाय आपटत निघून गेला.

आपल्या घरात तो डाव तुझ्या बापानं माझ्या हातातून काढून घेतला होता. एक गोष्ट कबूल करते, त्याला सायकल कळायची. गुडघा मोडला नसता तर तो फार पुढे गेला असता. पण गुडघ्याबरोबर त्याचं डोकंही मोडलं. कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर तो तुला सायकलसकट उभं करायचा, आठवतं? हमालांसमोर. सायकल हलकी करायची तर हलकी चाकं आणावी लागतात, हलकी चाकं म्हणजे पैसे. तुझ्या अंगावरचं मांस मात्र फुकट निघत होतं. हे मी माझं बोलत नाही, त्यानं वखारवाल्याला हसत हसत सांगितलेलं माझ्या कानांनी ऐकलंय. सायकलीतून वजन काढायला पैसे लागतात, पोरीतून फुकट निघतं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी कोळशाचा एक खडा उचलून मारला होता त्याला. कपाळाला टेंगूळ आलं आणि घरी येऊन त्यानं माझी हाडं मोकळी केली. तू दुसरं केळं खाल्लंस म्हणून तुझ्या कानाखाली जाळ काढला त्याच आठवड्यातली ही गोष्ट.

आणि तो उतार. तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, पण मी सगळं पाहिलं होतं. कॅन्टीनच्या मागच्या दारात भांडी विसळत होते. तू वरून येताना दिसलीस आणि हँडल नुसतं थरथरत होतं. आदल्या दिवसापासून पोटात काय होतं तुझ्या, अर्धी वाटी भात? वळणावर तू वळलीच नाहीस. सरळ कठड्यावर गेलीस. आवाज माझ्यापर्यंत आला. मी धावले, पण तो मोटारसायकलवर तुझ्या मागेच होता, आधी पोचला. पोचला आणि त्यानं सायकल उचलली. तुला नाही, सायकलला. चाक हवेत धरून फिरवून बघितलं, वाकडं झालंय का. झालं होतं. मग त्यानं हवा भरायचा पंप काढला आणि रस्त्यात पडलेल्या, तोंड रक्तानं भरलेल्या माझ्या पोरीला मारायला सुरुवात केली. पुढचं तुला आठवत असेल, माझ्या हातात परात होती. त्याचे पुढचे दोन दात तिनंच गेले. लोकांना तो अजून सांगतो की शर्यतीत पडलो होतो.

त्या दिवशी तुला ट्रकमधे बसवून क्लबकडे धाडलं ते चांगलंच केलं. तू शिकलीस, भरलीस, जिंकायला लागलीस. आणि मग गेल्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो आला, तिसरा नंबर, गळ्यात पदक, गाल कसे छान भरलेले. मी तो फोटो कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवला. त्यानं तोच फोटो बघितला आणि एकच शब्द बोलला. सुटलीय. निवडीच्या शर्यतीआधी तिला घरी आणतो, म्हणाला, सरळ करतो.

गुरुवारी सकाळी तो निघाला. पिशवीत त्यानं काय भरलं होतं सांगू? एक वजनकाटा आणि कमरेचा पट्टा. बस्स. कपडेसुद्धा नाहीत. मी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. म्हटलं, जायचं तर माझ्या अंगावरून जा. तो म्हणाला, तुला काय कळतं गं, ढवळणारी बाई तू. मग त्यानं पट्टा काढला. पहिला फटका मानेवर बसला, दुसरा तोंडावर, ओठ फाटला. तिसरा बसू दिला नाही. कामावर जायला निघाले होते म्हणून डाव पिशवीतच होता, तो लांब दांड्याचा लोखंडी. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या चांगल्या गुडघ्यावर घातला. कडकन आवाज झाला. तो ओरडला, माझे केस धरले, मी पुन्हा घातला, मनगटावर. केस सुटले आणि तो जिन्यावरून खाली गेला, पार तळापर्यंत. वरून बघितलं तर हलत होता आणि शिव्या देत होता. मी खाली उतरले, पट्टा उचलला आणि शेजारच्या शिंपिणीला म्हटलं, आता पोलीस बोलाव. मला वाईट वाटतंय का? नाही वाटत. 

तर आता कळलं असेल की खोका का येणार नाही. मी आत आहे. तुझा बाप दवाखान्यात आहे, पाय टांगलेला, आणि त्यानं जबाब दिलाय की बायकोनं उगाच हल्ला केला, तो तर मुलीला खेळाडूचा आहार देणारा गरीब बाप. आहार म्हणाला हं! वकीलबाई म्हणतात, काटा, केळं, पंप, उतार, हे सगळं तू कोर्टात उभी राहून सांगितलंस तर मी लवकर सुटेन आणि त्याला तुझ्या आसपास फिरायला बंदी होईल. नाही सांगितलंस तर त्याचंच खरं धरतील, आणि पाय बरा झाला की तो पुन्हा निघेल. माझी तारीख आणि तुझी निवडीची शर्यत एकाच दिवशी आली आहे. बदलून मिळत नाही, विचारून झालं. तू यावीस असं मला वाटतं, खोटं कशाला बोलू, रोज वाटतं. आणि तू त्या चढावर सगळ्यांच्या पुढे असावीस असंही तेवढंच वाटतं. आजवर तुझ्या ताटात काय पडायचं ते कधी त्यानं ठरवलं, कधी मी. हे मी ठरवणार नाही. त्या दिवशी सकाळी लवकर ऊठ, दोन मुठी भात आणि दोन अंडी खा, वर एक केळं खा, आणि मग सायकल बाहेर काढून ज्या बाजूला वळवावीशी वाटेल त्या बाजूला वळव.

फाटक्या ओठांनी तुझा पापा घेणारी,
तुझीच,
आई