घासलेल्या पट्टीचा मासा

आप्पा, काल तुमचा पत्र्याचा डबा उघडला. आई म्हणाली, इंदिरानगरच्या घरात माळ्यावर उगाच पडलाय, घेऊन जा. मला गळाला लावायला खोल जाणारा खोटा मासा हवा होता. आठवडाभर मोबाईलवर रंगीबेरंगी प्लास्टिकचे मासे बघून डोकं उठलं होतं. रंग शंभर, पण पाण्यात किती खाली जाईल ते कुणी धड सांगत नाही. तुम्ही रंगाकडे कधी बघितलंच नाही. लाकडाचा मासा कोरायचात आणि सगळा जीव त्याच्या तोंडाखालच्या पट्टीत असायचा. अंबडच्या कारखान्यातून सुटून आलात की अंगातला शर्टही न बदलता स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती पट्टी कानशीने घासत बसायचात. "पट्टी लांब असली का मासा खाली जातो. आखूड असली का वरच्यावर फिरतो," असं सांगायचात आणि आई कुरकुरत पोळ्यांवर ताट झाकायची.

मी दहा वर्षांची असेन. तुमच्या सगळ्यात लाडक्या माशाची पट्टी मी तुमच्याच कानशीने अर्धी केली. फार लांब, बेढब दिसत होती, नीट करावी म्हणून, असं मी आजवर स्वतःला सांगत आलेय. त्या रविवारी तुम्ही धरणावरून हात हलवत परत आलात. शिंगाळा मासा तळाशी आणि तुमचा लाकडाचा मासा काही केल्या खाली जाईना. आईला म्हणालात, "हात बसत नाय आता. माप चुकतंय माझं." मी दाराआड उभी होते. कारखान्यात ज्याच्या मापाची सगळे खात्री देत, त्या माणसाला मी हे बोलायला लावलं आणि तोंडातून शब्द काढला नाही. पुढच्या रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून सोबत नेलंत. काठच्या गवताजवळ तोच मासा टाकायला दिलात. गळाला मरळ लागली. मी जोरात हिसका दिला म्हणून ओरडलातही. मग दर रविवारी मी सोबत असायचेच. पण तुमचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले तेव्हाही नाही.

डब्यातल्या प्रत्येक माशाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय, कारखान्यात हत्यारांना बांधायचात तशी. बारा फूट. आठ फूट. माझ्या माशाच्या चिठ्ठीवर तुमचं तिरकं अक्षर आहे: "दोन फूट. पट्टी लेकीने घासली. काठासाठी, तिला नेताना." कानशीच्या त्या आडव्यातिडव्या खुणा तुमच्या नजरेतून सुटतील, असं मला वाटलंच कसं? मी शिडीवरच बसले आणि हसायला लागले. आई खालून काय झालं, काय झालं, विचारत राहिली. तुम्हाला माहीत होतं. तुमचा हात चुकला नव्हता, आणि ते तुम्हाला कळलं होतं. फार बरं वाटलं, आप्पा.

हे पत्र डब्यातच ठेवतेय. एक तेवढं राहिलं. पट्टी मी नीट करायला घासली नव्हती. मासे लागले नाहीत तर तुम्ही रविवारी घरी राहाल, असं वाटलं होतं.