निजवलेली कात्री

४ फेब्रुवारी
जेवणाची सुट्टी संपायच्या आतच साहेबांनी जुळणीवाल्यांना वर बोलावलं. तेराजण. खुर्च्या पाच! उभ्यानेच ऐकलं. जुळणीचं काम बाहेरच्या देशात जाणार. तिकडून तिघं येणार, दोन आठवडे. त्यांना आपण शिकवायचं. मग ते तिकडे दोनशे कात्र्या जुळवून पाठवतील. मोठ्या गिऱ्हाइकाला त्या पसंत पडल्या तर आपला विभाग जूनअखेर बंद. नाही पडल्या तर काम इथेच.

‘म्हणजे आमची कबर आम्हीच खणायची,’ तात्या म्हणाले. आमच्यातले सगळ्यात जुने तेच. साहेब म्हणाले, ‘तात्या, असं बोलू नका. व्यापाराची गणितं आहेत.’ गणितं म्हणे! एकोणतीस वर्षं मी दोन पाती एकमेकांना भेटवते. टाळी वाजल्यासारखी नाही, नुसती स्पर्शून जावीत अशी. हे कुठल्या गणितात बसतं?

घरी अजून सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी
सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ह्यांचा धारेचा विभाग गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून घरी बसून ह्यांचा तोच उद्योग – चारजण चार चौकटींत बसून भांडतात, व्यापारातली तूट, तूट, तूट! एक म्हणतो बाहेरच्या मालावर कर लावा, दुसरा म्हणतो लावलात तर महागाई. त्या चौघांतल्या एकाच्याही हाताला घट्टा नसेल.

लेक दुकानात काम करते. म्हणाली, ‘आई, लोकांना स्वस्त हवं असतं. मी रोज बघते.’ हे उसळले, ‘लोकांना अक्कल हवी!’ ती म्हणाली, ‘बरं, या घरात इथे बनलेलं काय आहे ते सांगा.’ टीव्ही बाहेरचा. शिलाई मशीन बाहेरचं. माझ्या चपलासुद्धा! शेवटी मी म्हटलं, ‘तुझा बाप.’ तिघंही हसलो. मग कुणालाच हसू येईना.

ह्यांना आता दुसरं काम कोण देणार? सगळं घर माझ्या हातोडीवर आहे.

७ फेब्रुवारी
तात्यांनी सगळ्यांना सायकलींच्या छपराखाली गाठलं. म्हणाले, ‘सगळं शिकवा. हात आखडू नका. फक्त निजवणं सांगायचं नाही.’

इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही, साहेबांनाही ठाऊक नाही. पात्याला हातोडीने बाक दिला, जोडी जुळवली, की आम्ही ती तशीच रात्रभर ठेवतो. ठोकलेलं पोलाद हळूहळू जरा मागे सरतं. सकाळी बघायचं, दोन-तीन हलके ठोके द्यायचे, मगच डब्यात. याला आम्ही निजवणं म्हणतो. न निजवलेली कात्री त्या दिवशी लोण्यासारखी चालते. महिन्याभरात टोकाशी अडकू लागते.

पाहुणे रोज सकाळी नऊला येणार. आम्ही साडेसहाला यायचं, सकाळचे ठोके उरकायचे, नऊला काही झालंच नाही असं बसायचं.

सगळे हो म्हणाले. मीही.

१७ फेब्रुवारी
आले. दोन पुरुष आणि एक बाई, सोबत दुभाष्या. बाई माझ्या वाट्याला. पस्तिशीची असेल. सगळे तिला पाहुणीच म्हणतात. मी मनाशी ठरवून गेले होते, तोंडाला कुलूप, चेहरा दगडाचा. हिने पहिल्याच तासात माझी हातोडी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. आता हिच्यावर रागवायचं तरी कसं!

१९ फेब्रुवारी
हात चांगला आहे तिचा. चांगला म्हणजे – वाईट वाटावं इतका. बाक कुठे द्यायचा ते दुभाष्याने सांगायच्या आधी तिला कळतं. ओल्या मलमलीचा तुकडा टोकापर्यंत सपकन कापला आणि लहान पोरीसारखी माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. तात्यांनी बघितलं.

२० फेब्रुवारी
तात्या: ‘लई लाड चाललेत.’
मी: ‘शिकवा म्हणालात ना?’
तात्या: ‘शिकव. लेक करून घेऊ नकोस.’

२४ फेब्रुवारी
चोराच्या मनात चांदणं! तिने आज काल संध्याकाळची एक जोडी उचलली, उघडली, मिटली, कानाशी धरली. दुभाष्याला काहीतरी म्हणाली. तो मला म्हणाला, ‘ही विचारते आहे, काल ही घासत होती, आज घासत नाही. रात्रीत काय झालं?’

मी म्हटलं, ‘थंडी. लोखंड आकसतं.’

तिने मान हलवली. मग तिची नजर खिडकीतल्या आमच्या चहाच्या कपांवर गेली. नुकतेच विसळून पालथे घातलेले, निथळत होते. सकाळचे नऊ वाजले होते. मग तिने परत हातोडी उचलली. मला मात्र दिवसभर घाम.

२५ फेब्रुवारी
कप आता पुसून कपाटात ठेवतो.

२८ फेब्रुवारी
गेले. जाताना तिने मला फोनवर तिच्या दोन मुलींचे फोटो दाखवले. त्यांच्या आजीपाशी असतात म्हणे, ही कारखान्याजवळच्या खोलीत सहाजणींबरोबर राहते. महिन्यातून एकदा मुलींना भेटते. माझे हात धरून दुभाष्याला म्हणाली – सांग यांना, यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही, हे मी विसरणार नाही.

बस निघेपर्यंत मी हात हलवत होते. मग शौचालयात जाऊन रडले. इतकं नीच मला आजवर वाटलं नव्हतं. आणि तरी उद्या कुणी विचारलं तर परत तेच सांगेन – थंडी. माझंही घर आहे.

१३ मार्च
काही नाही. काम चालू.

८ एप्रिल
दोनशे कात्र्या आल्या. साहेबांनी तपासायला मलाच बसवलं. शंभर उघडल्या, शंभरही लोण्यासारख्या चालल्या. साहेब खूश. तात्या माझ्या कानाशी म्हणाले, ‘निजवलेल्या नाहीत. थांब तू.’

मी साहेबांना म्हटलं, ‘महिना ठेवून परत बघू या. आपली पद्धत आहे.’ पद्धत खरीच आहे, आपलं नशीब!

आता महिना. हे रोज विचारतात, ‘अडकली का?’ आजाऱ्याची चौकशी करावी तसं.

३० एप्रिल
लेकीला दुकानातून कमी केलं. आता लोक घरबसल्या मागवतात, तेही स्वस्त. दुष्काळात तेरावा महिना! ह्यांनी टीव्हीही लावला नाही.

९ मे
अडकल्या!! दोनशेतल्या एकशे सत्तावन्न! टोकाशी मलमल चावतात, कापत नाहीत. तात्यांनी मला सगळ्यांसमोर मिठीच मारली, वयाचा विसर पडला म्हाताऱ्याला. घरी येताना मी गोड घेऊन आले. ह्यांनी पहिल्यांदा दाढी केली, किती आठवड्यांनी.

पाहुणीला आता ओरडा बसत असेल. बसू दे. नको, बसू नये. काय लिहावं कळत नाही.

१४ मे
गिऱ्हाइकाचा माणूस आला होता. आमच्या टेबलापाशी उभं राहून त्याने एक अडकणारी कात्री उघडली, मिटली. आमची एक उघडली, मिटली. म्हणाला, ‘फरक आहे, मान्य. पण आजकाल एक कात्री वीस वर्षं कोण वापरतं? वर्षभर चालली की पुरे. बिघडली की नवी घेतील.’

पसंत.

साहेब खिडकीबाहेर बघत होते. तात्या खुर्चीत बसले ते उठेनात. मी त्या माणसाला म्हटलं, ‘अहो, पण ती अडकते!’ तो म्हणाला, ‘हो बाई, ऐकलं.’

मी जपलेलं गुपित कुणाला नकोच होतं. फुकट खोटं बोलले मी.

१५ मे
हे म्हणाले, ‘टीव्हीवरच्या त्या चौघांना सांगायला हवं.’ मी म्हटलं, ‘काय सांगणार? चांगली कात्री नको म्हणाले म्हणून?’ रिमोट माझ्याच हातून फुटला. फुटला नाही. फोडला.

३० जून
शेवटचा दिवस. संध्याकाळी एक जोडी जुळवली आणि सवयीने फळीवर ठेवली. रात्रभर ठेवायला. मग लक्षात आलं, सकाळी इथे कुणी येणार नाही.

तशीच ठेवून आले. हातोडी आणली. दारावरच्याने पिशवी बघितली आणि बघितली नाही.

१६ जुलै
कारखान्यात माझ्या नावाचं पार्सल पडून होतं, तात्या घेऊन आले. आत एक कात्री आणि तिकडच्या लिपीतली चिठ्ठी. पाकिटावर तारीख चार आठवड्यांपूर्वीची. आधी ओली मलमल कापून बघितली. टोकापर्यंत सपकन! महिना होऊनही. तात्यांनीही कापून बघितली. ‘निजवलेली आहे,’ म्हणाले.

लेकीने चिठ्ठीवर फोन धरला आणि त्यात उमटलेलं मराठी वाचून दाखवलं –

‘सकाळी तुमचे कप ओले असायचे, त्यावरून समजले की तुम्ही आमच्याआधी येऊन पुन्हा ठोकता. माफ करा, तुमच्यासमोर समजले नाही असे दाखवले. इथे वरच्यांना सांगितले, एक रात्र ठेवू द्या. म्हणाले, माल पडून राहायला वेळ नाही. म्हणून ही एक खोलीवर नेली, सकाळी पुन्हा ठोकली. बरोबर आहे का? पुढच्या वर्षी आमचे काम तिसऱ्या देशात जाणार आहे. तिकडचे लोक शिकायला येतील. मी त्यांना हे सांगू का?’

लेक विचारते आहे, ‘आई, काय उत्तर लिहू?’ तात्या माझ्याकडे बघत आहेत. ती कधीची फोन धरून बसली आहे.